ऋतुजा इज माय रायव्हल

“पूस ते,” सर म्हणाले.

मी डस्टर उचललं.

“डस्टर ठेव खाली. हातानं पूस.”

मी हातानं पुसायला लागले. नववीचा वर्ग. इंग्रजीचा तास. फळ्यावर माझ्याच अक्षरातलं एक वाक्य. चारच शब्द. ऋतुजा इज माय रायव्हल. आधी ऋतुजा पुसली. मग इज, मग माय. शेवटचा शब्द मी खडू दाबून लिहिला होता, तो लवकर जाईना. तळहातानं घासत राहिले. मागं पोरं बाकं वाजवत होती, पोरी ओढणीत तोंड घालून हसत होत्या. मी फळ्याकडं तोंड करून होते, तेवढं बरं झालं. डोळे कुणाला दिसले नाहीत.

काय घडलं होतं ते नीट सांगते.

आमचं गाव वडवणीच्या बाजूला. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. आता तिच्या कमानीवर चांगलं नाव लिहिलंय, पण गाव बोलताना मांगवाडाच म्हणतं. माझा बाप, आबा, हलगी वाजवायचा. गावात लग्न, वरात, जत्रा, कुणी निवडणूक जिंकली, की आबाला बोलावणं. बाकी वर्षभर तो नानासाहेबांच्या उसात पाणी धरायला. नानासाहेब म्हणजे गावातलं मोठं घर. सरपंचपद त्यांच्याच घरात फिरायचं. शाळा ज्या संस्थेची, तिचे अध्यक्षही तेच. ऋतुजा त्यांची मुलगी. ती आणि मी एकाच वर्गात. ती पहिल्या बाकावर, मी पोरींच्या शेवटच्या.

इंग्रजीचे सर बीडहून मोटारसायकलवर यायचे. खोटं कशाला बोलू, शिकवायचे चांगलं. त्या दिवशी धड्यात रायव्हल शब्द आला. सरांनी खडू हातात घेतला आणि समजावून सांगितलं. वडवणीच्या बाजारात शेजारी शेजारी बसून दोघं वांगी विकतात, ते रायव्हल. जत्रेत दोन पैलवान समोरासमोर येतात, ते रायव्हल. एकच गोष्ट दोघांना पाहिजे असते आणि ती एकालाच मिळणार असते, तेव्हा ते एकमेकांचे रायव्हल. मराठीत प्रतिस्पर्धी.

“आता कोण वाक्य करून लिहील फळ्यावर?” सरांनी विचारलं.

मी हात वर केला. लई हौस होती मला हात वर करायची. आठवीत ऋतुजा पहिली आली होती, मी दुसरी. नववीच्या सहामाहीत मी पहिली आले, ती दुसरी. पहिला नंबर तिलाही पाहिजे होता, मलाही. म्हणजे सरांनी सांगितलं तसंच होतं. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मी गेले, वाक्य लिहिलं, जागेवर यायला वळले.

सर वाचत होते. वाचता वाचता त्यांचं तोंड उतरलं.

“थांब तिथंच. रायव्हलचा अर्थ काय सांगितला मी?”

“एकच गोष्ट दोघांना पाहिजे असती, सर.”

“आणि बरोबरी? बरोबरी नको का? रायव्हल बरोबरीच्याला म्हणतात. हत्ती आणि कुत्रं एकमेकांचे रायव्हल असतात का रे?”

“न्हाई सर!” सगळा वर्ग ओरडला.

“तुझा बाप कुणाच्या शेतात हाय कामाला?”

“नानासाहेबांच्या.”

“नानासाहेब कोण?”

“ऋतुजाचे वडील.”

“आणि या शाळेचे?”

“अध्यक्ष.”

“मग?”

त्या ‘मग’चं उत्तर मला देता आलं नाही. तेव्हा ते म्हणाले, पूस ते.

सरांची नोकरी तेव्हा पक्की नव्हती. ती पक्की करणं नानासाहेबांच्या हातात होतं. हे मला पुढं कळलं. कळून राग कमी झाला नाही. घाबरलेला माणूस आपल्याहून खालच्याला किती सफाईनं तुडवतो, एवढं मात्र समजलं.

वर्गातच संपलं असतं, तर कदाचित मी विसरलेही असते. पण गोष्ट नानासाहेबांच्या ओसरीवर गेली. कुणी नेली माहीत नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला रांगा लागल्या आणि मुख्याध्यापकांनी मला पुढं बोलावलं. गेले तर ध्वजाच्या खांबाखाली आबा उभा. उसात पाणी धरता धरता कुणी तरी बोलावून आणलेला. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. वहाणा फाटकाबाहेर काढून ठेवल्या होत्या.

इंग्रजीच्या सरांनी मला बाजूला घेतलं. खालच्या आवाजात म्हणाले, “कालचंच वाक्य, त्यात फक्त नॉट घालायचं. इज नॉट. नीट मोठ्यानं म्हण. म्हणजे मिटलं.”

मी गप्प राहिले. खरंच गप्प राहायचं ठरवलं होतं.

तेवढ्यात आबानं हात जोडले. सगळ्या शाळेसमोर. पाचवीच्या पोरांसमोर. मग ऋतुजाच्या रांगेकडं वळला आणि चौदा वर्षांच्या त्या पोरीला म्हणाला, “ताईसाहेब, चुकलं लेकराचं. पदरात घ्या.”

ऋतुजा खाली बघत होती. आबाचे हात खाली येईनात. कुणी त्याला ‘राहू दे’ म्हणेना. ते हात खाली यावेत म्हणून मी बोलले.

ऋतुजा इज नॉट माय रायव्हल.

“मोठ्यानं,” मुख्याध्यापक म्हणाले.

मी मोठ्यानं म्हटलं. मग राष्ट्रगीत झालं.

संध्याकाळी आबा चुलीपुढं बसला होता. माय भाकरी थापत होती. आबानं विचारलं, “तू काय म्हणलीस ग सकाळी? इंग्रजीत?”

“माफी मागितली.”

“बरं केलंस. पण आदल्या दिवशी काय लिवलंतस? तिला दुश्मन म्हणलीस म्हणं.”

“दुश्मन न्हाई आबा. जत्रंत कुस्ती लागती, समोर दुसरा पैलवान असतो, तसं.”

आबा हसला. वाईट हसला. “आपल्याला कोण घेतंय ग आखाड्यात? आपुन कडंला उभं रहायचं. हलगी वाजवायची.”

माय थापायची थांबली होती. परत थापायला लागली.

त्यानंतर मी वर्गात हात वर केला नाही. अभ्यास मात्र सोडला नाही. दहावीला मी शाळेत पहिली आले. शाळेच्या भिंतीवर दरवर्षी पहिल्या येणाऱ्याचं नाव रंगवायचे. त्या वर्षी रंगाऱ्याला बोलावलंच नाही. पुढच्या वर्षीचं नाव लागलं, माझ्या वर्षाची ओळ सोडून. आजही ती ओळ मोकळी आहे. जाऊन बघा.

पुढं माजलगावच्या कॉलेजात गेले. इंग्रजी घेतलं. वस्तीतले लोक म्हणायचे, ज्या भाषेनं अब्रू घालवली तीच कावून, कशासाठी शिकायलीस? मला सांगता यायचं नाही. मला वाटायचं, तो शब्द माझ्याकडून हिसकावून घेतलाय, तो परत आणायचा. बाकी काही कळत नव्हतं.

कॉलेजात इंग्रजीच्या एक बाई होत्या. शब्द कुठून आला, कसा बदलत गेला, हे सांगायची त्यांना आवड. एकदा मी धीर करून त्यांच्या टेबलापाशी गेले. विचारलं, रायव्हल म्हणायला बरोबरी लागते का?

“कुणी सांगितलं तुला?”

मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. मग उठल्या, कपाटातून जाडजूड शब्दकोश काढला, पान उघडून माझ्यापुढं सरकवलं.

शब्द लॅटिनमधला. मूळ अर्थ, एकाच ओढ्याचं पाणी वापरणारा. एक माणूस या काठाला, दुसरा त्या काठाला. दोघांना तेच पाणी पाहिजे, म्हणून भांडण. त्यावरून पुढं प्रतिस्पर्धी.

मी ते परत परत वाचलं.

आमच्या गावाला ओढा आहे. वरच्या अंगाला गावाचा पाणवठा. खालच्या अंगाला आमचा. वरती बाया धुणं धुवायच्या, बैल पोहणीला घालायचे, आणि ते सगळं उतरून आमच्याकडं यायचं. वाळूत झिरे उकरून माय त्यातलं पाणी वाटीनं हंड्यात भरायची. वरच्या पाणवठ्यावर जायची आम्हाला बंदी होती असं कुणी म्हणणार नाही. कुठं लिहिलेलं नव्हतं. पण मायला विचारलं असतं, तर तिनं कानावर हात ठेवले असते.

मी बाईंच्या टेबलापाशी उभी होते आणि मला सरांचं ‘मग?’ ऐकू येत होतं. आता उत्तर होतं माझ्याकडं. आम्ही त्यांचे रायव्हल नव्हतो हे खरंच होतं. पण कमी होतो म्हणून नव्हे. त्यांनी आम्हाला एका पाण्यावर येऊच दिलं नव्हतं म्हणून. वर्गात येऊ दिलं, तर फळा पुसायला लावला. समोर कुणी उभंच राहू द्यायचं नाही आणि वर म्हणायचं, आमच्या बरोबरीचं कुणी हाय का दाखवा.

मला रडू आलं नाही. अंग तापलं होतं नुसतं. बाईंनी पाणी दिलं. मी प्याले आणि वर्गात जाऊन बसले.

माय गेली, तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. आबा एकटा. म्हणून गावातच राहिले. लग्न केलं नाही. वडवणीत एक खोली भाड्यानं घेतली आणि इंग्रजीचे क्लास सुरू केले. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. सगळ्या जातीची पोरं येतात. शिकवते चांगलं, म्हणून येतात.

मग सरपंचपद राखीव निघालं. अनुसूचित जाती, महिला. म्हणजे आमच्यातलीच बाई उभी राहणार, दुसरं कुणी नाही. त्या दिवशी नानासाहेबांच्या ओसरीवर सुतक पडल्यासारखं झालं असेल, असं मला वाटलं. पण चार दिवसांत त्यांनी तोड काढली. माझा चुलतभाऊ दत्ता त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर. त्याची बायको सुनीता वहिनी. सही करण्यापुरती शिकलेली, कधी कुणाला उलटून न बोललेली. तिचं नाव ठरलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. दत्तानं घरी येऊन सांगितलं, तू सरपंच व्हायलीस.

मी अर्ज भरला.

ओढ्यावर आता कुणी पाण्याला जात नाही. नळ आलेत. टाकी वरच्या अंगाला. गावाच्या टोट्या भरभरून वाहतात आणि वस्तीला चौथ्या पाचव्या दिवशी करंगळीएवढी धार. वॉल कधी फिरवायचा, किती फिरवायचा, ते नानासाहेबांचा पोरगा रणजित सांगतो. मला सरपंच व्हायचं होतं ते त्या वॉलसाठी. दुसरं कारण नव्हतं. असं मी लोकांना सांगायची. दुसरं कारण होतं, ते तुम्हाला सांगून झालंय.

अर्ज माघारी घ्यायच्या आदल्या दिवशी मारुतीच्या पारावर बैठक बोलावली. पारावर वरचे. खाली आम्ही उभे. आबा माझ्याशेजारी. नानासाहेब आता थकलेत, पण आवाज तसाच.

“हे बघ बाई,” ते म्हणाले, “निवडणूक म्हणलं की भांडणं. गाव बिनविरोध करायचं ठरलंय. सुनीता तुमच्यातलीच हाय. मंग तुला काय अडचण?”

“कुणी ठरवलं?”

“गावानं.”

“आमच्या वस्तीत कुणी इचारायला आलं न्हाई.”

कुणी तरी हसलं. रणजित म्हणाला, “दोन पुस्तकं शिकली की असंच होतंय.” नानासाहेबांनी त्याला हातानं थांबवलं. माझ्याकडं बघणं सोडलं आणि आबाकडं वळले. आबा त्यांच्याहून वयानं मोठा.

“सांग बे तुझ्या पोरीला. उद्या माघार घ्यायची.”

मी आबाच्या हातांकडं बघत होते. बोटं हलायला लागली होती. तो हात जोडणार, असं वाटलं. जोडले असते तर मी काय केलं असतं, मला आजही सांगता येत नाही.

आबानं हात धोतराला पुसले.

“ती काय ल्हान हाय का आता, मालक,” तो म्हणाला. “तिचं ती बगंल.”

मी म्हणाले, “माघार न्हाई घेणार.” आणि आम्ही दोघं निघालो. मागून शिव्या आल्या. जातीवरून आल्या. त्या मी इथं लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहेत.

घरी आल्यावर आबा उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, “आता उसाला पाणी धरायला ठिवत न्हाईत मला.”

नाहीच ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचं काम गेलं.

आता माझ्यासमोर कोण? सुनीता वहिनी. जिच्या बाळंतपणात मी दवाखान्यात बसले होते, ती. नानासाहेबांना स्वतःला उभं राहता येत नव्हतं, म्हणून त्यांनी आमचंच माणूस माझ्यासमोर उभं केलं. समोर यायचं नाही ते नाहीच. फळ्यावरही नाही, मतपत्रिकेवरही नाही.

प्रचाराला पुण्याहून ऋतुजा आली. नानासाहेबांच्या ओसरीवर हळदीकुंकू ठेवलं आणि आमच्या वस्तीतल्या बायांना बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या ओसरीवर चढल्या बाया. मला बोलावणं नव्हतं. संध्याकाळी एसटीतून उतरले, तर फाट्यावर गाडी थांबवून ती उभी.

“ओळखलंस का?” ती हसून म्हणाली. “क्लास घेतेस म्हणे. छान. मग कशाला पडलीस या भानगडीत? चांगलं चाललंय की तुझं.”

मी विचारलं, “शाळेतलं ते वाक्य आठवतं का तुला?”

“कोणतं?”

सांगितलं. तिनं खरंच आठवायचा प्रयत्न केला. मग म्हणाली, “अगं बाई, ते! किती लहान होतो आपण. माझ्या डोक्यातून गेलंच होतं. तेव्हा पप्पांनी मला किती मारलं माहितीये? तुझ्या खाली आले म्हणून.”

हे मला माहीत नव्हतं. एक क्षण मला तिची चौदा वर्षांची मान दिसली, खाली घातलेली. वाईट वाटलं. पण तेवढंच.

“तुला घरात मारलं,” मी म्हणाले. “माझ्या बापाला साऱ्या शाळंपुढं उभं केलं.”

“त्यात माझी काय चूक?”

“तुझी चूक न्हाई. तुला ते ध्यानात ठेवायची गरज पडली न्हाई, एवढंच.”

तिचा चेहरा बदलला. “तू फारच कडवट झालीस,” असं म्हणून ती गाडीत बसली.

मी पडले. थोडक्यात नव्हे, चांगलीच पडले. वस्तीतल्या निम्म्यांनी मला मत दिलं नसेल. मी त्यांना दोष देत नाही. ज्याच्या उसात रोज जायचं, त्याच्या विरुद्ध बटण दाबायला आपलं पोट त्याच्या हातात नसावं लागतं. निकालाच्या दिवशी मिरवणूक मुद्दाम आमच्या दारावरून नेली. आबा घरात भिंतीला टेकून बसला होता. वाजवायला त्याला बोलावणं आलं होतं, तो गेला नाही. दुसऱ्या गावाहून माणसं आणली होती. गुलाल दारातून आत आला. जीपवर नानासाहेब, रणजित, त्यांचे पाहुणे. सरपंच झालेली बाई जीपच्या मागं चालत होती. पदर डोक्यावर, नजर खाली.

पहिली ग्रामसभा लागली. मी गेले. वस्तीतल्या तीन-चार बाया माझ्या मागं, भीत भीत. बघते तर मधल्या खुर्चीत रणजित. शेजारी ग्रामसेवक. सुनीता वहिनी खाली सतरंजीवर, दाराच्या कडेला, बायांत बसलेली.

ग्रामसेवक वाचायला लागला. मी उभी राहिले.

“सरपंच कोण हाय?”

तो गोंधळला. “सुनीताबाई.”

“मंग त्या खाली कावून बसल्यात?”

लोक हसले. रणजित मागं रेलून म्हणाला, “तिला खुर्चीत बसायची सवय न्हाई. इचार की तिलाच.”

मी वहिनीपाशी गेले, हात धरला. ती कुजबुजली, “नका ओ बाई. माझ्या लेकरांकडं बगा.”

मी तिच्यापुढं खाली बसले. म्हणाले, “वहिनी, तुमी मला हरवलंय. हरलेलं माणूस सांगायलंय, तुमच्या जागंवर चला.”

तिनं पदर नीट केला. ती उठली.

आम्ही दोघी खुर्चीपुढं उभ्या राहिलो. रणजित हलेना. मागून कुणीतरी मोबाइल वर धरला. ते बघून तो हसत उठला, “बस बाई, बस, तुझंच राज्य हाय.” वहिनी खुर्चीच्या कडेवर बसली. अर्धी बसली, अर्धी उभीच. मी मागं येऊन माझ्या जागेवर उभी राहिले आणि विचारलं, “सरपंचबाई, खालच्या वस्तीला पाणी कवा सोडणार?”

तिला त्या नावानं कुणी पहिल्यांदाच हाक मारली असेल. तिनं माझ्याकडं बघितलं. ओठ हलले. “रोज सोडायला पाह्यजे,” ती म्हणाली. इतकंच. पण सगळ्यांना ऐकू गेलं.

दारातून दत्ता ओरडला, “सुनीता! घरी चल.”

ती उठली. कुणाकडंही न बघता निघून गेली.

रणजित त्या खुर्चीत परत बसला नाही. शिपायाला सांगून आतून दुसरी मागवली. ती खुर्ची तिथंच राहिली, मधोमध. आणि सभा तिला वळसा घालून पुढं चालू झाली.

पुढचे आठ-दहा दिवस वस्तीचा नळ बंद. बाया माझ्या दारावर येऊन बोलल्या. तुझ्यामुळं झालं म्हणाल्या. गावातली पोरं क्लासला यायची बंद झाली. वहिनी एकदा किराणाच्या दुकानापाशी भेटली. कोपराच्या वर काळंनिळं. मी विचारायच्या आधीच म्हणाली, “पुन्ना तसं करू नका. मला मारतेत.”

त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या हट्टापायी तिनं मार का खावा? हा प्रश्न मी टाळला नाही, टाळणार नाही. पण मी गप्प बसले म्हणून तिचा मार थांबणार आहे का? गप्प बसून कुणाचा थांबलाय? आबा चाळीस वर्षं गप्प होता.

सकाळी दत्ताच्या दारात गेले. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, “पुन्हा हात उचललास तर वडवणीच्या ठाण्यात तिच्या आधी मी आसन. माझा भाऊ हाईस म्हणून सोडणार न्हाई.” तो शिव्या देत आत गेला. वहिनी चुलीपुढं होती. तिनं वळून बघितलं नाही. पण उठून दारही लावून घेतलं नाही.

नळाची तक्रार मी पंचायत समितीत दिली आहे. उत्तर आलेलं नाही. दुसरी देणार आहे. अर्ज पुढच्या निवडणुकीलाही भरणार आहे. जागा राखीव असो नसो, खुल्या जागेवरही भरणार आहे. तिथं त्यांना स्वतःला समोर यावं लागेल.

त्याला वेळ आहे. त्याआधी पुढची ग्रामसभा आहे. मी जाणार. कुणी बरोबर आलं तर बरं, नाही आलं तरी जाणार. पहिल्यांदा तेच विचारणार, सरपंच कुठं बसल्यात? त्या खाली असतील, तर मी खुर्चीशेजारी जाऊन उभी राहणार. वहिनीला हात धरून उठवणार नाही आता. तिचं तिला उठू दे. पण त्या जागेवर दुसऱ्या कुणालाही बसू देणार नाही. हसू देत. ओढून बाहेर काढू देत. परत आत येईन.